नव्या टॅबमध्ये न आलेल्या ओव्या

एका निवृत्त शिक्षिकेच्या जुन्या टॅबमधला साठा नव्या टॅबमध्ये नेताना काय काय घडलं, त्याची ही नोंद आहे. व्यक्ती, गाव आणि दुकान यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. या कामात मी स्वतः दोनदा होतो, २०१८ मध्ये आणि २०२४ मध्ये. पहिल्या वेळी मी घेतलेल्या निर्णयाचे परिणाम दुसऱ्या वेळी निस्तरावे लागले, म्हणून ते सगळं जसं घडलं तसं लिहितो आहे.

पार्श्वभूमी

बाई मला चौथीला होत्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगरी तालुक्यात त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. घरोघरची दळणं गिरणीत जायला लागल्याला आता कितीतरी वर्षं झाली. ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. बाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसतात, कोपऱ्यात पडलेलं जातं पुसून घेतात आणि मूठभर ज्वारी घालून म्हातारीला खुंटा धरायला लावतात. नुसतं "म्हणा" म्हटलं तर दोन ओळींच्या पुढे शब्द येत नाहीत. जातं फिरायला लागलं की पाऊण तास थांबत नाहीत. हे मी स्वतः पाहिलं आहे.

रेकॉर्डिंग व्हायचं ते २०१६ मध्ये घेतलेल्या एका टॅबवर. त्याची अंतर्गत जागा १६ जीबी, आणि त्यातली निम्मी अँड्रॉइडनेच व्यापलेली. २०१८ मध्ये "जागा संपली" असं सारखं यायला लागलं, तेव्हा मी ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणून घातलं. टॅबने विचारलं, हे कार्ड पोर्टेबल म्हणून (काढून दुसरीकडेही लावता येईल असं) वापरायचं की अंतर्गत साठा म्हणून? मी दुसरा पर्याय निवडला. बाईंना काहीच वेगळं करावं लागणार नव्हतं, रेकॉर्डिंग आपोआप कार्डावर जाणार होतं. तेव्हा ते मला फार सोयीचं वाटलं. बाईंना मी एवढंच सांगितलं, "आता जागेची काळजी करू नका."

पुढच्या सहा वर्षांत त्या टॅबमध्ये ४१२ रेकॉर्डिंग्ज जमली. एकेक सरासरी वीस मिनिटांचं, म्हणजे सगळं मिळून सुमारे १३७ तास. जागेच्या हिशेबात ८ जीबी. शिवाय जवळपास १९ जीबीचे फोटो आणि व्हिडिओ. प्रत्येक रेकॉर्डिंगला बाईंनी मराठीत नाव दिलेलं, "माहेर", "माहेर २", "भाऊबीज", "पंढरीची वाट" असं. कोणी म्हटलं, कुठल्या गावी म्हटलं, सासर कुठलं आणि माहेर कुठलं, हे सगळं मात्र एका जाड वहीत होतं, तारीखवार. म्हणजे फाइलची तारीख आणि वहीतली तारीख जुळली तरच आवाज कोणाचा ते कळणार. हा दुवा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

अडचण कशी लक्षात आली

२०२४ च्या दिवाळीत बाईंच्या मुलाने त्यांना नवा टॅब घेऊन दिला. जुन्याच्या चार्जिंगचा सॉकेट सैल झाला होता. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज व्हायचा, कॉम्प्युटरला जोडला तर दिसायचाच नाही. दुकानदाराने जुन्याचे दीड हजार रुपये लावले. दुकानातला पोरगा सोमवारी घरी येणार, जुना टॅब "रीसेट मारून" घेऊन जाणार असं ठरलं.

शुक्रवारी दुकानातच नव्या टॅबवर बाईंचं गूगल खातं सुरू करून दिलं गेलं. पाच मिनिटांत फोन नंबर आले, मेल आले, फोटो दिसायला लागले. दुकानातला मुलगा म्हणाला, "आलं बघा सगळं." बाईंनाही तसंच वाटलं. नातवाचे फोटो दिसले की माणूस निश्चिंत होतो.

शनिवारी सकाळी त्यांनी रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उघडलं तर यादी कोरी. दुकानात फोन केला, तर उत्तर मिळालं, "जुन्यातलं कार्ड काढा, नव्यात घाला, येईल." बाईंनी टाचणीने जुन्या टॅबचा कप्पा उघडून कार्ड काढलं आणि नव्यात घातलं. नव्या टॅबने सांगितलं की हे कार्ड इथे चालत नाही, सेट अप करण्यासाठी टॅप करा. टॅप केल्यावर पुढच्या पानावर एकच मोठं बटण होतं, फॉरमॅट करण्याचं.

"फॉरमॅट म्हणजे पुसणंच ना रे?" त्यांनी मला फोनवर विचारलं. चाळीस वर्षं फळा पुसलेल्या बाई त्या. शब्दाचा अर्थ विचारल्याशिवाय पुढे गेल्या नाहीत, म्हणूनच या प्रकरणात पुढचं काही लिहायला उरलं.

मी म्हटलं, "बाई, कशालाही हात लावू नका. कार्ड काढून वाटीत ठेवा, मी येतो."

कार्डात नेमकं काय होतं

तिथे पोहोचल्यावर मी कार्ड रीडरमधून माझ्या लॅपटॉपला लावलं. विंडोजनेही फॉरमॅट करू का असंच विचारलं. डिस्कची मांडणी उघडून पाहिली तेव्हा सुरुवातीला १६ एमबीचा एक छोटा भाग आणि उरलेली सगळी जागा एका अनोळखी भागाची, असं चित्र दिसलं. ते पाहिल्यावर मला २०१८ ची ती निवड आठवली.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, मेमरी कार्ड अंतर्गत साठा म्हणून "दत्तक" घेण्याची सोय आली. तशी निवड केली की टॅब कार्ड नव्याने आखतो आणि त्यावरचं सगळं कुलूपबंद करतो. त्यासाठी वापरलेली १२८ बिटांची किल्ली कार्डावर नसते, टॅबच्या स्वतःच्या अंतर्गत जागेत असते. त्यामुळे ते कार्ड फक्त त्याच टॅबमध्ये वाचता येतं. बाकी जगाच्या दृष्टीने ते नुसतं निरर्थक आकड्यांचं पोतं. याचं कारणही योग्य आहे, कार्ड कोणी काढून नेलं तर आतला मजकूर वाचता येऊ नये. पण याचा अर्थ असा की जुना टॅब रीसेट झाला असता तर किल्लीही पुसली गेली असती, आणि मग कार्ड हातात असूनही १३७ तासांचा आवाज कायमचा गेला असता. पैसे घेऊन डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडेही त्यावर इलाज नसतो.

त्या शनिवारी नुकसानाकडे नेणारी तीन बटणं बाईंच्या आसपास होती. नव्या टॅबवरचं फॉरमॅट. सोमवारी दुकानातल्या पोराच्या हातून होणारं रीसेट. आणि तिसरं, ज्याची मला सर्वांत जास्त भीती वाटली. जुन्या टॅबमधून कार्ड काढल्यावर तो "कार्ड पुन्हा घाला" असं सुचवत राहतो, आणि त्याच जागी आत गेलं की ते कार्ड "विसरून जा" असा पर्याय देतो. सारखी येणारी सूचना बंद करावी म्हणून कोणीही ते दाबेल. दाबलं की टॅब किल्ली टाकून देतो.

मी पहिल्यांदा कार्ड जुन्या टॅबमध्ये परत घातलं आणि तो सुरू केला. मिनिटभर काहीच झालं नाही. मग अ‍ॅपची चिन्हं एकेक करून उजळली. बाईंनी अ‍ॅप उघडलं, यादी आली, आणि त्यांनी वरचंच एक रेकॉर्डिंग लावलं. जात्याची घरघर ऐकू आली तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

गूगलवर हे का गेलं नव्हतं, तेही इथे सांगायला हवं. फोटोंची सोय फक्त फोटो आणि व्हिडिओ उचलते, आवाजाच्या फाइल्स नाही. अँड्रॉइडचा स्वतःचा बॅकअप अ‍ॅपची माहिती ठेवतो, पण एका अ‍ॅपमागे मर्यादा २५ एमबीची. आणि बाईंचं अ‍ॅप रेकॉर्डिंग्ज ठेवत होतं ती स्वतःच्याच खासगी फोल्डरमध्ये. ते अ‍ॅप कोणी सहज काढून टाकलं असतं तरी त्याच्याबरोबर ते फोल्डरही गेलं असतं. "गूगलवर सगळं असतं" या वाक्यातल्या "सगळं" मध्ये हा साठा कधी नव्हताच.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय तांत्रिक नव्हता. सोमवारचा सौदा मोडायचा का? बाईंना ते जड गेलं. "शब्द दिलाय रे, आणि मुलाने पैसे भरताना ते दीड हजार वजा करून घेतलेत." मी म्हटलं, पैसे आपण परत देऊ, पण दोन दिवसांत घाई करून काम केलं आणि काही राहिलं तर परत मागायला जागा नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि स्वतःच दुकानात फोन लावला. सौदा मोडल्याबरोबर आमच्या हातात दोन दिवसांऐवजी हवे तेवढे दिवस आले. पुढचे सगळे शांतपणे घेतलेले निर्णय या एका फोनमुळे शक्य झाले.

मग नेण्याचा मार्ग. वायरचा रस्ता बंद होता, कारण सॉकेटमधून कशीबशी वीज जात होती, डेटा नाही. त्याच सॉकेटमुळे पेन ड्राइव्हही लागत नव्हता. साठा कार्डावरून टॅबच्या अंतर्गत जागेत हलवायची सोय सेटिंगमध्ये असते, पण तिथे रिकामी जागा ६०० एमबी, मग ८ जीबी बसणार कुठे?

गूगल ड्राइव्हवर चढवण्याचा विचार केला. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून. २०२१ च्या जूनपासून फोटोही त्यातच मोजले जातात, आणि बाईंच्या खात्यात दोन जीबीही उरले नव्हते. पैसे भरून जागा वाढवता आली असती. पण घरात ब्रॉडबँड नाही, मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक. त्यावर नुसत्या ओव्या चढवायला सहा दिवस, आणि फोटो-व्हिडिओंसकट जवळपास तीन आठवडे. त्या गावात रेंज कधी असते, कधी नसते. आणि इतके दिवस त्या सैल सॉकेटच्या भरवशावर राहायचं.

ब्लूटूथने १ जीबीला तासाच्या वर वेळ जातो. ८ जीबी म्हणजे अखंड नऊ तास, आणि चारशे फाइल्स एकदम पाठवल्या की तो मध्येच कुठेतरी थांबतो, मग कुठपर्यंत गेलं ते शोधत बसा. एखाद्-दुसऱ्या फाइलसाठी ठीक, या कामाला नाही.

उरला तो घरातल्या घरात वाय-फायचा रस्ता. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करायचा, त्यावरचा इंटरनेट डेटा बंद ठेवायचा, जुना टॅब आणि लॅपटॉप दोन्ही त्याला जोडायचे. फाइल मॅनेजरच्या काही अ‍ॅपमध्ये एफटीपीची सोय असते, ती सुरू केली की टॅबमधली फोल्डर्स लॅपटॉपवर उघडतात. इंटरनेटचा एक एमबीही लागत नाही. वेग सेकंदाला दीड-दोन एमबी मिळाला, म्हणजे ओव्या सव्वा तासात. हाच मार्ग घेतला.

थेट नव्या टॅबवर न पाठवता आधी लॅपटॉपवर का? कारण मला मोजायचं होतं. दोन्हीकडची संख्या आणि आकार बाइटपर्यंत जुळतात का, हे मोठ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवून पाहणं सोपं जातं.

शनिवार दुपार ते रविवार रात्र

सर्वांत आधी यादी. जुन्या टॅबवर फाइल मॅनेजरमध्ये नाव, तारीख आणि आकार दिसेल अशी मांडणी केली आणि स्क्रीन सरकवत सरकवत माझ्या मोबाइलवर तिचे फोटो काढले. एका स्क्रीनवर बारा नावं, एकूण पस्तीस फोटो. हे काम वेळखाऊ वाटेल. पण तो टॅब त्याच क्षणी बंद पडला असता तरी आपल्याकडे काय होतं एवढं तरी कळलं असतं.

मग चार्जिंग. सॉकेटमध्ये वायर थोडी वर उचललेली राहिली तरच हिरवा दिवा लागायचा. बाईंनी त्यांची ओव्यांची ती जाड वही आणली, वायरच्या खाली दुमडलेला रुमाल, वर वही, आणि टॅबला दोन रबरबँड. "हलवायचा नाही," असं घरात सगळ्यांना बजावून झालं. बॅटरी ९० टक्क्यांवर गेल्याशिवाय मी कॉपी सुरू केली नाही.

इथे दुसरा महत्त्वाचा निर्णय आला. एफटीपीने फाइल उतरवली की विंडोजवर तिला आजची तारीख लागते. एका फाइलवर करून पाहिलं तर तसंच झालं. मूळ तारीख गेली की वहीशी दुवा तुटतो, आणि "माहेर" नावाच्या अकरा फाइल्सपैकी कुठली कोणाची ते कळत नाही. तारखा टिकवायच्या तर टॅबवरच सगळ्यांची झिप करायची, म्हणजे सगळ्या फाइल्स एकाच फाइलमध्ये बांधायच्या, आणि ती उतरवायची. झिपमध्ये प्रत्येक फाइलची तारीख सोबत जाते. पण झिप करायची म्हणजे त्या सहा वर्षं वापरलेल्या कार्डावर आणखी ८ जीबी लिहायचं. ते करताना कार्डच गेलं तर?

मी बाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्या म्हणाल्या, "आधी आवाज घे. तारखा गेल्या तर मी ऐकून ओळखीन, वेळ लागेल एवढंच." म्हणून आधी सरळ कॉपी, कार्डावर काही न लिहिता. दोन वेळा जोडणी तुटली, तुटल्या जागेवरून पुन्हा सुरू केली. साडेपाचला ४१२ फाइल्स लॅपटॉपवर आल्या, एकूण आकार दोन्हीकडे सारखा. लगेच त्याची एक प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेतली. त्यानंतरच झिपला हात लावला.

झिप उतरवून उघडली तर तारखा अगदी बरोबर आणि नावांचा पार चुराडा. "पंढरीची वाट" च्या जागी परक्या चिन्हांची लांबलचक रांग. मराठीचं एक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत (यूटीएफ-८) साठवायला तीन बाइट लागतात. झिप करणाऱ्या अ‍ॅपने "ही नावं युनिकोडमध्ये आहेत" ही खूण लावली नाही, की उघडणारा प्रोग्रॅम प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजतो. एकेका अक्षराची तीन तीन चिन्हं होतात. इंग्रजी नावांना हा त्रास होत नाही, म्हणून पुष्कळ अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या तो लक्षातही येत नाही. मराठीत नावं देणाऱ्या माणसाला ते भोगावं लागतं, आणि मला याचा मनापासून राग येतो.

रविवारी सकाळी दुसरं एक फाइल मॅनेजर टाकून, आधी फक्त पाच फाइल्सची झिप केली. नावं आली, तारखाही आल्या. मग वर्षवार सात झिप केल्या. एकाच मोठ्या झिपपेक्षा हे बरं, एखादी बिघडली तर तेवढीच पुन्हा करता येते. रात्रीपर्यंत नाव आणि तारीख दोन्ही शाबूत असलेला पूर्ण संच तयार होता. फोटो-व्हिडिओ पुढच्या शनिवारी नेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. व्हॉट्सअ‍ॅप मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण नव्यावर मुख्य खातं सुरू केलं की ते जुन्यावरून निघतं. दोन्ही टॅब समोर ठेवून क्यूआर कोडने चॅट हलवली, त्याला वीस मिनिटं लागली.

निष्पत्ती

बाईंनी पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी वही घेऊन एकेक रेकॉर्डिंगची सुरुवात आणि शेवट ऐकला. मी दहा-वीस नमुने तपासून थांबलो असतो. त्यांनी सगळी तपासली म्हणून कळलं की ४१२ पैकी ३ वाजत नाहीत. ती जुन्या टॅबवरही वाजत नव्हती, म्हणजे आमच्या कॉपीत काही बिघडलं नव्हतं. त्या त्या दिवशी रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपली होती. या प्रकारच्या फाइलमध्ये आवाज आधी लिहिला जातो आणि त्याची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी. टॅब मध्येच बंद पडला की अनुक्रमणिका राहून जाते. तीनपैकी दोन फाइल्स शून्य बाइटच्या होत्या, त्यांत काही नव्हतंच. तिसरी १८ एमबीची होती. त्याच टॅबवर त्याच अ‍ॅपने केलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून देऊन दुरुस्ती करणारा एक प्रोग्रॅम मिळतो, त्याने ती वाजती झाली. एकोणीस मिनिटं. म्हणणाऱ्या आजी २०२१ मध्ये गेल्या.

एक अडचण मात्र मी आधी ओळखली नव्हती. नव्या टॅबवर मी सगळं "रेकॉर्डिंग्ज" फोल्डरमध्ये नीट ठेवलं, आणि बाई म्हणाल्या, "माझ्या यादीत तर काहीच नाही." त्यांच्या दृष्टीने ओव्या असतात त्या अ‍ॅपच्या यादीत. अ‍ॅप मात्र फक्त स्वतःचं खासगी फोल्डर वाचतं, आणि अँड्रॉइड ११ पासून त्या फोल्डरमध्ये बाहेरून फाइल्स नेऊन ठेवण्याची वाट जवळजवळ बंद केलेली आहे. फाइल्स हलल्या, पण त्यांची सवयीची जागा हलली नाही. शेवटी ऐकण्यासाठी वेगळं अ‍ॅप घातलं, होम स्क्रीनवर त्या फोल्डरचं चिन्ह ठेवलं, आणि रेकॉर्डिंगचं अ‍ॅप बदलून असं घेतलं की जे सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये साठवतं. यात बाईंची चार-पाच दिवस चिडचिड झाली, आणि ती रास्त होती.

आता प्रती तीन आहेत. एक नव्या टॅबमध्ये, एक बाईंच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे पुण्यात हार्ड डिस्कवर. जुना टॅब कार्डासकट बंद करून ठेवला आहे.

पुन्हा करायची वेळ आली तर

२०१८ मध्ये मी कार्ड पोर्टेबल ठेवलं असतं आणि अ‍ॅपला तिथे साठवायला सांगितलं असतं, तर हे प्रकरण दहा मिनिटांत मिटलं असतं. जागा कमी असलेल्या टॅबला दत्तक कार्ड हा चांगला उपाय आहे, आजही मी तो कोणाला सुचवीन. पण तो करताना टॅबच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवीन, "कार्ड फक्त याच टॅबमध्ये चालतं, रीसेट करू नये." बाईंना ते सांगणं माझं काम होतं आणि मी सांगितलं नाही.

नवीन वस्तू घ्यायच्या आधी मी आता लोकांना "तुमच्याकडे काय काय डेटा आहे?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर "फोटो आणि नंबर" एवढंच येतं. त्याऐवजी टॅब त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, रोज सकाळपासून काय काय उघडता ते मला उघडून दाखवा. बाईंनी पहिल्या मिनिटात रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उघडलं असतं. ते दुकानात शुक्रवारीच झालं असतं तर शनिवारची धावपळ टळली असती.

जुनी वस्तू लगेच बदलीत देण्याची घाई हा या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका होता, हे माझं ठाम मत आहे. दीड हजार रुपये कमी नाहीत. तरी किमान महिनाभर जुनं घरात राहू द्यावं, कारण काय राहिलं ते महिन्याभराच्या वापरातच कळतं. आमच्याकडे कॉपीनंतरही यादी कोरीच आहे हे पाचव्या दिवशी आणि त्या तीन फाइल्सचं बाराव्या दिवशी कळलं.

झिपची चाचणी मी आधी पाच फाइल्सवर घ्यायला हवी होती. पहिल्या वेळी घेतली नाही आणि म्हाताऱ्या कार्डावर ८ जीबी विनाकारण लिहायला लावले. कार्ड टिकलं.

शून्य बाइटच्या त्या दोन फाइल्स बाईंनी पुसू दिल्या नाहीत. वहीत तारीख काढून पाहिली तर त्यातल्या एकीच्या आजी हयात होत्या. डिसेंबरात बाई नवा टॅब घेऊन त्यांच्या ओसरीवर गेल्या. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवीन रेकॉर्डिंग्ज पेन ड्राइव्हवर घ्यायची असं ठरलं आहे. जानेवारीत ते त्यांनी मला न बोलावता केलं आणि संध्याकाळी फोन केला. "वाजणाऱ्या ४१० होत्या ना? आज मोजल्या. ४१८ भरल्या. तुझ्याकडच्या हार्ड डिस्कवर आठ कमी आहेत, कधी येतोस?"